अण्वस्त्रांचा विमा : हप्ता किती, भरपाई कोणती?

अंबाजोगाईला शिक्षकांच्या एका शिबिरात अणूच्या अंतरंगाविषयी बोलायला गेलो होतो. अणुकेंद्र, विखंडन, साखळी प्रक्रिया असा विषय ठरलेला होता. दहावीच्या पुस्तकात असते त्याच्या थोडे पुढचे, इतकेच. चहाच्या सुट्टीनंतर धारूर तालुक्यातल्या एका गुरुजींनी हात वर केला आणि म्हणाले, "सर, हे सगळं समजलं. पण बॉम्ब बाळगणं आपल्याला परवडतं का?" मी उत्तर जुळवत होतो तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "अहो, तो पीकविमा आहे. हप्ता भरत राहायचा आणि पाऊस पडू दे म्हणून नवस करायचा."

सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या एस.टी.त ती तुलना डोक्यातून जाईना. बीड जिल्ह्यातल्या माणसाला पीकविमा शिकवावा लागत नाही. २०२० च्या खरिपात या जिल्ह्याचा विमा घ्यायला कंपन्या पुढे येईनात, तेव्हा एक वेगळे सूत्र काढावे लागले. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांवर गेली तर वरचा भार राज्य सरकारने सोसायचा. ती ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने ठरावीक वाटा स्वतःकडे ठेवून उरलेले पैसे सरकारला परत करायचे. 'बीड पॅटर्न' हे त्याचे नाव. हप्ता किती, जोखीम किती आणि ती कोणाच्या माथी, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय या जिल्ह्याला आहे. अण्वस्त्रांना तेच तीन प्रश्न विचारून पाहू.

बॉम्ब स्वस्त, धाक महाग

सुरुवात पदार्थविज्ञानापासून करू, कारण तिथे आकडे पक्के आहेत. एक किलोग्रॅम प्लुटोनियमच्या सगळ्या अणूंचे विखंडन झाले तर सुमारे १७ ते १८ हजार टन टी.एन.टी. इतकी ऊर्जा बाहेर पडते. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी टाकलेल्या बॉम्बची शक्ती १५ हजार टन, म्हणजे १५ किलोटनांच्या आसपास होती. दहा-दहा टनांचे दीड हजार ट्रक भरतील एवढी स्फोटके. त्या बॉम्बमध्ये युरेनियम ६४ किलोग्रॅम होते, पण त्यातल्या एका किलोहूनही कमी भागाचे विखंडन झाले होते. नागासाकीच्या बॉम्बमध्ये प्लुटोनियम होते अवघे सहा किलोग्रॅम.

हे प्लुटोनियम निसर्गात मिळत नाही. ते अणुभट्टीत युरेनियमपासून तयार होते. त्याचा ढोबळ नियम वर्गात सांगण्याजोगा आहे. भट्टीने एक मेगावॉट दराने एक पूर्ण दिवस उष्णता निर्माण केली की सुमारे एक ग्रॅम, खरे तर किंचित कमी, प्लुटोनियम तयार होते. आपल्याकडे मुंबईजवळ तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६० साली 'सायरस' ही ४० मेगावॉट उष्णतेची भट्टी सुरू झाली आणि १९८५ साली १०० मेगावॉटची 'ध्रुव'. सायरस २०१० च्या अखेरीस कायमची बंद झाली. १९७४ च्या पोखरण चाचणीचे प्लुटोनियम तिच्यातूनच आले होते. आता हिशेब करा. दोन्ही भट्ट्या मिळून १४० मेगावॉट. वर्षातले २०० दिवस पूर्ण क्षमतेने चालल्या असे धरले तर २८,००० मेगावॉट-दिवस, म्हणजे साधारण २५ किलोग्रॅम प्लुटोनियम. नागासाकीच्या मापाने चार बॉम्ब.

या १४० मेगावॉटची कल्पना यावी म्हणून परळीकडे पाहू. परळीच्या औष्णिक केंद्रातला एक संच २५० मेगावॉट वीज देतो. कोळशाच्या उष्णतेतला एक-तृतीयांशाहून थोडा अधिक भागच विजेत उतरतो, त्यामुळे त्या एका संचाच्या बॉयलरची उष्णता ७०० मेगावॉटच्या घरात जाते. म्हणजे एका देशाला अण्वस्त्रधारी करण्यास पुरलेल्या दोन भट्ट्या मिळून परळीच्या एका संचाच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या होत्या. बॉम्बचे स्फोटक तुलनेने स्वस्त असते ते असे.

महाग असतो तो धाक. समोरच्याने पहिला घाव घातला तरी आपले उत्तर पोहोचेलच, याची त्याला खात्री वाटली पाहिजे. म्हणजे क्षेपणास्त्रे हवीत, ती हलवता व लपवता आली पाहिजेत, विमाने हवीत, समुद्राखाली दडून राहणाऱ्या पाणबुड्या हव्यात, त्यांच्याशी संपर्क ठेवणारी यंत्रणा, पहारे, पर्यायी आदेश केंद्रे आणि हे सगळे वीस-पंचवीस वर्षांनी जुने झाले की नवे. अमेरिकेतील ब्रुकिंग्ज संस्थेने १९९८ साली आपल्या देशाच्या अण्वस्त्रांचा १९४० ते १९९६ या काळाचा जमाखर्च प्रसिद्ध केला. एकूण आकडा निघाला सुमारे साडेपाच लाख कोटी डॉलर. त्यात प्रत्यक्ष बॉम्ब बनवण्याचा खर्च जेमतेम ७ टक्के. निम्म्याहून जास्त पैसा ते वाहून नेणारी विमाने, क्षेपणास्त्रे व पाणबुड्या यांवर गेला होता. मोटारसायकलच्या किमतीत पेट्रोल, टायर आणि मेस्त्री धरलेला नसतो, तसेच हे.

भारताचा हप्ता

आपला हप्ता किती? सरकारी अंदाजपत्रकात 'अण्वस्त्रे' असे शीर्षक कुठेच नाही. खर्च अणुऊर्जा विभाग, संरक्षण संशोधन, नौदल, हवाई दल अशा अनेक खात्यांत विखुरलेला आहे, आणि त्याचा बराच भाग गुप्त. त्यामुळे जे हाती लागते ते बाहेरच्यांचे अंदाज.

मे १९९८ च्या चाचण्यांनंतर अर्थतज्ज्ञ व पत्रकार सी. राममनोहर रेड्डी यांनी असा एक अंदाज तपशीलवार मांडला. जमीन, हवा व समुद्र अशा तिन्ही ठिकाणांहून मारा करणारे दल उभारायचे तर दहा वर्षांत त्या वेळच्या किमतींनुसार ७० ते ८० हजार कोटी रुपये लागतील, म्हणजे दर वर्षी राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. त्याच सुमारास, १९९९ मध्ये, तपस मजुमदार समितीने देशातल्या प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षण देण्यासाठी दहा वर्षांत सुमारे १ लाख ३७ हजार कोटी रुपये जास्तीचे लागतील असे सांगितले होते. रेड्डींनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच अण्वस्त्रे आणि मुलांच्या शाळा समोरासमोर उभ्या केल्या.

अलीकडचा अंदाज 'आयकॅन' या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा. तिला २०१७ चे शांततेचे नोबेल मिळाले. तिच्या मते २०२३ या वर्षात भारताने अण्वस्त्रांवर सुमारे २.७ अब्ज डॉलर, म्हणजे २२ हजार कोटी रुपयांच्या आसपास, खर्च केले. ही मोहीम अण्वस्त्रांच्या विरोधातली आहे, हे ध्यानात ठेवून आकडा वाचावा. तरी गंमत अशी की विरोधकांचा हा आकडा राष्ट्रीय उत्पन्नाशी ताडून पाहिला तर शंभर रुपयांत सात-आठ पैसे इतकाच भरतो. रेड्डींच्या अंदाजात हेच प्रमाण शंभर रुपयांत पन्नास पैसे होते. काही फरक राष्ट्रीय उत्पन्न वाढल्यामुळे आहे, काही दल अपेक्षेपेक्षा हळू उभे राहिल्यामुळे, आणि काही कशाला अण्वस्त्रांचा खर्च म्हणायचे यावरून. पाणबुडीची गोदी त्यात धरायची की नाही? उपग्रह? एकच क्षेपणास्त्र साध्या स्फोटकासाठीही वापरता येत असेल तर?

आता हे २२ हजार कोटी म्हणजे किती? २०२३-२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात 'समग्र शिक्षा' योजनेला ३७,४५३ कोटी रुपये आणि शालेय पोषण आहाराला ११,६०० कोटी रुपये ठेवले होते. म्हणजे हा हप्ता केंद्राच्या पोषण आहाराच्या जवळजवळ दुप्पट. बीडच्या वाचकाला आणखी एक माप देतो. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा रेल्वेमार्ग. १९९५ साली मंजूर झाला तेव्हा खर्च ३५३ कोटी होता, तो वाढत ४,८०५ कोटींवर गेला आणि बीड शहरात गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. एका वर्षाच्या हप्त्यात असे साडेचार मार्ग झाले असते. शिवाय या रेल्वेमार्गाचा खर्च तेरा पटींहून अधिक वाढला हे आपल्याला कळले तरी. विधिमंडळात, संसदेत, वर्तमानपत्रांत त्यावर भांडणे झाली. अण्वस्त्रांच्या बाबतीत मूळ अंदाजच माहीत नाही, मग वाढ कशी मोजणार?

इथे एक प्रामाणिक कबुली द्यायला हवी. बॉम्बवरचे पैसे वाचले तर ते आपोआप हंगामी वसतिगृहात जातील आणि कोयत्यावर गेलेल्या आईबापांची मुले शाळेत टिकतील, असे नाही. पैसा त्या वाटेने चालत नाही. शिवाय अण्वस्त्रांचे समर्थक म्हणतात की ती नसती तर रणगाडे आणि विमाने आणखी घ्यावी लागली असती. पण १९९८ नंतर आपला साधा संरक्षण खर्च काही आटलेला नाही; २०२५-२६ साठी संरक्षणाची एकूण तरतूद ६ लाख ८१ हजार कोटींची होती. अण्वस्त्रे त्यातल्या कशाच्या बदली आली असे दिसत नाही, ती त्यात भर म्हणून आली.

हप्त्याचा आणखी एक भाग रुपयांत दिसत नाही. १९७४ च्या स्फोटानंतर कॅनडाने अणुसहकार्य थांबवले. आपल्याच राज्यातल्या तारापूरच्या अणुवीज केंद्राला १९६९ पासून अमेरिकेचे समृद्ध युरेनियम मिळत होते, तेही अमेरिकेने १९७८ साली केलेल्या कायद्यामुळे पुढे बंद झाले आणि फ्रान्सकडे जावे लागले. अणुपुरवठादार देशांचा गट जन्माला आला तोच या स्फोटाची प्रतिक्रिया म्हणून. २००० सालापर्यंत १०,००० मेगावॉट अणुवीज हे आपले उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ती तीन हजारांहूनही कमी होती. सगळा दोष निर्बंधांना देता येणार नाही, पण २००७-०८ मध्ये देशातल्या अणुभट्ट्या युरेनियमअभावी जवळपास निम्म्या क्षमतेने चालल्या, हे खरे. २००८ मध्ये त्या गटाने सवलत दिल्यावर इंधन येऊ लागले. संशोधक म्हणून मला हा खर्च जास्त जाणवतो. प्रयोगशाळेतले साधे उपकरणसुद्धा 'दुहेरी वापराचे' म्हणून परदेशी बंदरात अडकून पडल्याच्या कथा आमच्या पिढीने ज्येष्ठांकडून पुष्कळ ऐकल्या आहेत.

(जाता जाता : मुळात अणुऊर्जा आपल्याला परवडेल का, हा प्रश्न मराठी मुलखात फार आधी विचारला गेला होता. गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. १९६० साली पुण्यातल्या एका भाषणात त्यांनी भारताने सूर्याकडे वळावे, असे बजावले होते. अणुशास्त्राच्या वैभवाच्या त्या दिवसांत हे कोणाला रुचण्यासारखे नव्हते.)

भरपाई कोणती?

आता जमेची बाजू. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने पहिला अणुस्फोट केला, तो भारताशी झालेल्या युद्धानंतर दोनच वर्षांनी. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेश युद्ध चालू असताना अमेरिकेने 'एंटरप्राइझ' ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. दोन्ही वेळा आपल्यापाशी अण्वस्त्र नव्हते. ज्यांनी हे दिवस अनुभवले त्यांना 'पुन्हा कोणी असा धाक घालू नये' असे वाटले, तर त्यांना वेड्यात काढता येणार नाही. युक्रेनने १९९४ च्या करारान्वये आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रे देऊन टाकली आणि २०१४ व २०२२ मध्ये त्याच्यावर रशियाचे आक्रमण झाले, हाही दाखला आता दिला जातो. उलट दाखला दक्षिण आफ्रिकेचा : तिने सहा बॉम्ब बनवून ते स्वतःहून मोडले, आणि तिचे काही बिघडले नाही. पण तिच्या शेजारी चीन नव्हता.

पाकिस्तानच्या बाबतीत जमा-नावे वेगळे करणे अवघड आहे. १९९८ मध्ये दोन्ही देशांनी चाचण्या केल्या आणि १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिल घडले. आपले पाचशेहून अधिक जवान कामी आले. युद्ध त्या डोंगरांपुरते राहिले, आपल्या विमानांना नियंत्रणरेषा न ओलांडण्याचे आदेश होते. एकाने म्हणावे, अण्वस्त्रांमुळे युद्ध पसरले नाही. दुसऱ्याने म्हणावे, अण्वस्त्रांच्या आडोशामुळेच तर घुसखोरीचे धाडस झाले. २००८ च्या मुंबई हल्ल्यात १६६ माणसे गेली. आपला अणुबॉम्ब त्या दहा जणांना थोपवू शकला नाही, आणि पाकिस्तानच्या अणुबॉम्बने आपले उत्तर मर्यादित केले. २०१९ चे बालाकोट आणि मे २०२५ मधला चार दिवसांचा संघर्ष यांत तर दोन्ही देश पायरीपायरीने वर चढताना दिसले. माझे मत असे की मोठे, देश गिळणारे युद्ध रोखण्यात या धाकाचा वाटा असावा. लहान आणि घाणेरडी युद्धे रोखण्यात तो नाही.

इथेच विम्याची तुलना पहिल्यांदा लंगडी पडते. पीक गेले की विमा कंपनी पैसे देते, उशिरा का होईना. धाक निकामी ठरला तर भरपाई नाही. प्रत्युत्तरात शत्रूचे शहर जळाले म्हणून आपले जळालेले शहर परत मिळत नाही. सगळा फायदा 'काहीतरी घडले नाही' या स्वरूपाचा आहे, आणि न घडलेली गोष्ट मोजायची कशी, हा विज्ञानातला जुना आणि अवघड प्रश्न आहे.

सत्तावीस वर्षे सुखरूप, म्हणून?

शिबिरात एका बाईंनी बिनतोड वाटणारा युक्तिवाद केला होता : "१९९८ पासून इतकी वर्षं झाली, कुणी वापरला नाही. म्हणजे धाक काम करतोय की!" त्याचे उत्तर शक्यतेच्या गणितात आहे आणि ते दहावीच्या मुलाला कॅल्क्युलेटरवर काढता येते.

समजा, एखाद्या वर्षात अणुयुद्ध होण्याची शक्यता शंभरात एक आहे. मग ते वर्ष सुखरूप जाण्याची शक्यता ०.९९. लागोपाठ २७ वर्षे सुखरूप जाण्याची शक्यता म्हणजे ०.९९ चा २७ वा घात. उत्तर येते ०.७६. म्हणजे शंभरात एक एवढा भयंकर धोका प्रत्येक वर्षी असता, तरी १९९८ ते २०२५ ही वर्षे सुरळीत जाण्याची शक्यता चारात तीन होती. धोका दहात एक असता तर ही शक्यता शंभरात सहाच्याही खाली गेली असती. तेवढा धोका नसावा असे आपण म्हणू शकतो. पण शंभरात एक की हजारात एक, हे आजवरच्या शांततेवरून सांगता येत नाही. आणि फरक तर मोठा आहे. पुढच्या पन्नास वर्षांचा विचार केला, तर हजारात एक धोक्याने निदान एकदा अनर्थ होण्याची शक्यता जवळपास ५ टक्के येते. शंभरात एक असेल तर जवळपास ४० टक्के. विनाकठड्याच्या विहिरीजवळून पोर रोज शाळेत जाते, वर्षभर पडले नाही, म्हणून कठड्याची गरज नाही असे कोणी म्हणत नाही.

धोका कुठून येतो? नेहमीच कुणाच्या दुष्टपणातून नव्हे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत उपग्रहांनी अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे निघाल्याचे कळवले. कामावर असलेले अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो इशारा खोटा मानला, आणि तो खोटाच होता. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता. त्यांच्यापाशी निदान वीस-पंचवीस मिनिटे होती. भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये क्षेपणास्त्राला दहा मिनिटेही लागत नाहीत. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक ब्राह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. त्यावर स्फोटक नव्हते, शांततेचा काळ होता, समोरच्याने घाई केली नाही. हेच एखाद्या तंग आठवड्यात घडले असते तर?

नुकसान किती होईल, याचेही अंदाज आहेत. १९९९ साली भौतिकशास्त्रज्ञ एम. व्ही. रमणा यांनी मुंबईवर हिरोशिमाएवढा एक बॉम्ब पडला तर काय होईल याचा हिशेब मांडला. मृतांचा आकडा, स्थळ आणि गर्दी यांनुसार, सुमारे दीड लाखांपासून साडेआठ लाखांपर्यंत निघाला. एका बॉम्बचा.

बीडवर कोणी बॉम्ब टाकणार नाही, असे शिबिरात कोणीतरी म्हणालेच. खरे आहे. पण २०१९ मध्ये ओवेन टून, ॲलन रोबॉक आदी शास्त्रज्ञांनी भारत-पाकिस्तान अणुयुद्धाचे हवामानावर होणारे परिणाम संगणकावर पाहिले. जळत्या शहरांची १.६ ते ३.६ कोटी टन काजळी पावसाच्या ढगांच्याही वर, स्थितांबरात जाईल, तिथे तिला धुऊन काढायला पाऊस नसल्याने ती वर्षानुवर्षे टिकेल, पृथ्वीचे तापमान २ ते ५ अंशांनी उतरेल आणि जगाचा सरासरी पाऊस १५ ते ३० टक्क्यांनी घटेल. लॉस अलामॉसच्या एका गटाच्या मते काजळी इतकी वर जाणार नाही व परिणाम बराच सौम्य राहील. हा वाद मिटलेला नाही. पण आकड्यांकडे पाहा. हवामान खाते सरासरीपेक्षा २० टक्क्यांहून अधिक घट झाली की जिल्ह्यात 'तुटीचा पाऊस' म्हणते. अशा वर्षी बीडमध्ये काय होते ते मी सांगायला नको. २०१२-१३ मध्ये चारा छावण्या लागल्या, परळीचे वीजकेंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, २०१५ मध्ये पुन्हा तेच. तसे वर्ष एक नव्हे, ओळीने पाच-सात, आणि सगळ्या जगात एकाच वेळी. म्हणजे बाहेरून धान्य आणायचीही सोय नाही.

विमा आणि धाक यांतला दुसरा, आणि मोठा, फरक आता दिसतो. विमा उतरवल्याने पाऊस कमी-जास्त होत नाही. अण्वस्त्र मात्र ज्या संकटासाठी घेतले, त्याचीच शक्यता बदलते : काही बाजूंनी कमी करते, काही बाजूंनी वाढवते. हिशेब करायचा तो या दोहोंच्या वजाबाकीचा.

हप्ता आणि जोखीम कशाने कमी राहिली

ही वजाबाकी मी कशी करतो, हे सांगितले पाहिजे. आज अण्वस्त्रे एकतर्फी मोडून टाकावीत, असे मी म्हणणार नाही. पण आपला हप्ता इतकी वर्षे तुलनेने माफक राहिला तो शस्त्रांमुळे नव्हे, दोन संयमांमुळे. पहिला, 'आम्ही प्रथम वापर करणार नाही' हा शब्द, जो ४ जानेवारी २००३ रोजी जाहीर झालेल्या धोरणात आहे. दुसरा, स्फोटकाग्र आणि क्षेपणास्त्र शांततेच्या काळात वेगवेगळ्या हातांत, वेगवेगळ्या जागी ठेवण्याची प्रथा, जी भारताने पुष्कळ काळ पाळली असे जाणकार मानतात. प्रथम वापर करायचा नसेल तर समोरच्याचे प्रत्येक क्षेपणास्त्र हेरून नष्ट करण्याइतकी प्रचंड संख्या लागत नाही. आणि जोडणीच झालेली नसेल तर खोट्या इशाऱ्यावर दहा मिनिटांत काही घडू शकत नाही. पहिल्याने पैसा वाचतो, दुसऱ्याने धोका. दोन्हींना खर्च जवळपास शून्य.

चिंता वाटते ती इथे. पाणबुडीत बॉम्ब आणि क्षेपणास्त्र वेगळे ठेवता येत नाहीत. समुद्राखाली जोडणी करायला कोणी जाणार नाही. 'अरिहंत' २००९ मध्ये पाण्यात उतरली, तिची पहिली गस्त पूर्ण झाल्याची घोषणा नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये 'अरिघात' नौदलात आली. जमिनीवरची नवी क्षेपणास्त्रे बंद नळकांड्यात तयार स्थितीत ठेवण्याजोगी आहेत. मार्च २०२४ मध्ये 'अग्नी-५' ची अनेक स्फोटकाग्रांसह चाचणी झाली. पाणबुडीचे समर्थन आहे : ती सापडत नाही, म्हणून पहिल्या घावातून वाचते, म्हणून घाई करावी लागत नाही. ते मला पटतेही. पण तिच्याबरोबर जुना सुरक्षित अंतराचा नियम सुटतो, आणि संख्या वाढत जाते. स्टॉकहोमच्या 'सिप्री' संस्थेच्या अंदाजाने जानेवारी २०२५ मध्ये भारताकडे सुमारे १८० आणि पाकिस्तानकडे सुमारे १७० स्फोटकाग्रे होती, चीनकडे ६००. चीनकडे पाहून आपण वाढवतो, आपल्याकडे पाहून पाकिस्तान. शेजाऱ्याने बोअर खोल नेली म्हणून आपणही नेली, की पुढे काय होते हे मराठवाड्याला ठाऊक आहे.

या हिशेबातली सर्वांत स्वस्त नोंद एका लिफाफ्याची आहे. ३१ डिसेंबर १९८८ च्या करारानुसार भारत व पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला एकमेकांना आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या देतात, त्यांवर हल्ला न करण्याच्या बोलीवर. कारगिलनंतरच्या जानेवारीतही त्या दिल्या गेल्या, मुंबई हल्ल्यानंतरच्याही. २००५ च्या करारानुसार क्षेपणास्त्र चाचणीची आगाऊ सूचना दिली जाते. अशा आणखी दोन-चार गोष्टी व्हाव्यात, यासाठी अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

वर्गात करून पाहायचे असेल तर ०.९९ आणि ०.९९९ चे घात मुलांकडून १०, २७, ५० आणि ८० वर्षांसाठी काढून घ्या आणि आलेखावर मांडा. ८० का, तर १९४५ पासून २०२५ पर्यंत तेवढी वर्षे होतात. नंतर फळ्यावर दोन रकाने करा, जमा आणि नावे, आणि वरचे आकडे मुलांनाच भरू द्या. धारूरच्या त्या गुरुजींनी हे केले आणि मला पत्राने कळवले. नावे रकाना भरायला अर्धा तास लागला. जमा रकान्यावरून मात्र दोन तास वाद चालला. शेवटी आठवीतल्या एका मुलीने विचारले की पाकिस्तानातल्या शाळेत हेच रकाने केले तर तिथल्या मुलांची जमा बाजू आपल्यासारखीच येईल का. गुरुजींनी तो प्रश्न तसाच फळ्यावर ठेवला आहे. दिवाळीनंतर तिच्या घरचे कोयत्यावर जाणार आहेत. ती आजीपाशी राहिली तर वर्गात असेल.